पाँ द्यु गार: पूल राहू दे, ढाळ बघा

पाणसळ

मंडळी,

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कालव्याच्या काठाने लेव्हल घेत, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे ते मोजत. निवृत्तीनंतर घरातलं बाथरूम नवीन करून घेतलं. जाळी एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. रोज सकाळी वायपर हातात घेतला की आतून आवाज येतो, "आणि म्हणे इंजिनियर!" पुढचं वाचताना माझी पत किती ते लक्षात असावं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे होतो, फ्रान्समध्ये माँपेल्येला. जावई म्हणाले, बाबा, तुम्हाला एक जुना कालवा दाखवतो. तासाभराच्या अंतरावर गार्दाँ नदी आहे. तिच्यावर रोमनांनी बांधलेला हा पूल, पाँ द्यु गार. एकावर एक तीन मजले कमानींचे, नदीपासून उंची जवळपास ४९ मीटर. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. खाली काठावर लोक टॉवेल टाकून पडलेले, पोरं डुंबतायत, वरच्या अंगाच्या कॉलियासहून भाड्याच्या कयाकमधून माणसं कमानीखालून जातायत, आणि सगळ्यांच्या माना वर. मीही वर बघितलं. पण मला जे बघायचं होतं ते खालून दिसतच नाही. ते सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर, दगडी लाद्यांखाली झाकलेलं आहे: १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल असा एक पाट.

हा पूल मुळात माणसांसाठी नव्हताच. नीम शहराला (कडुनिंबाशी संबंध नाही) पाणी नेणाऱ्या ५० किलोमीटरच्या कालव्याचा हा एक तुकडा. आमच्या भाषेत जलसेतू. उझेस गावाजवळच्या झऱ्यातून पाणी घेतलं. उझेस ते नीम सरळ रेषेत २० किलोमीटर. पण मध्ये झुडपांनी भरलेले चुनखडीचे डोंगर आडवे, म्हणून पूर्वेकडून वळसा घातला आणि विसाचे पन्नास झाले. त्यातला बहुतेक भाग जमिनीत: चर खणायचा, दगडी भिंती बांधायच्या, वर कमानीचं छत, त्यावर माती. सेर्नाक गावापाशी बोगदे आहेत. आणि जिथे नदी आडवी आली तिथे हा पूल.

आता तो आकडा, ज्यासाठी हा धागा काढला. उगमापासून शहरातल्या हौदापर्यंत ५० किलोमीटरमध्ये एकूण उतार साधारण साडेबारा मीटर. म्हणजे सरासरी किलोमीटरला २५ सेंटिमीटर. काही टप्प्यांत तर किलोमीटरला १० सेंटिमीटरहूनही कमी. आणि ह्या अख्ख्या पुलावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाट उतरतो तो फक्त अडीच सेंटिमीटर.

बाथरूमला मिस्त्री मीटरला एक सेंटिमीटर ढाळ देतो. द्यायला हवा, म्हणजे. किलोमीटरच्या हिशेबात तो झाला १० मीटर. रोमनांचा सरासरी ढाळ त्याच्या चाळिसाव्या हिश्शाचा. माझ्या बाथरूमची लांबी सात फूट आहे.

मोठ्या कालव्यांना एवढा सपाट ढाळ आम्हीही देत होतो, त्यात नवल नाही. पण आमच्या हातात दुर्बीण होती. त्यांच्या हातात काय होतं? विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलंय: कोरोबेट नावाची लाकडी घोडी, वीस फूट लांब. दोन्ही टोकांना पाय, पायांना ओळंबे, आणि तुळईवर आखलेल्या खुणांशी ओळंब्याची दोरी जुळली की घोडी सपाट. वारा असला तर दोरी हलते. मग तुळईच्या माथ्यावर पाच फूट लांबीची खाच असे, तिच्यात पाणी भरायचं आणि दोन्ही टोकांना पाणी काठाशी सारखं लागलं की झालं. म्हणजे आपली पाणसळच! (माझा आयडी उगाच नाही.)

लेव्हलचं काम ज्यांनी केलंय त्यांना ह्यातली भीती कळेल. चूक एकदा होऊन थांबत नाही, ती पुढे चालत राहते. दर दहा मीटरला एक मिलिमीटर, एकाच दिशेने, इतकी बारीक चूक होत गेली तरी किलोमीटरला १० सेंटिमीटर आणि ५० किलोमीटरला ५ मीटर. साडेबारातले पाच मीटर गेले! नोकरीच्या पहिल्या वर्षी मे महिन्यात मी दुपारी बाराला लेव्हल लावून बसलो होतो. दुर्बिणीतून स्टाफ (समोर उभी धरलेली, आकडे लिहिलेली पट्टी) बघितला तर आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. अंदाजाने आकडा लिहिला. संध्याकाळी बंद करताना हिशेब जुळेना. साहेबांनी फील्डबुक बघितलं, पान फाडलं नाही, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्या पहाटे पाचला, पहिल्या दगडापासून." चार किलोमीटर परत. त्यानंतर अकराच्या पुढे दुर्बिणीला हात लावला नाही.

त्यामुळे पुलाखाली उभा असताना माझ्या डोक्यात कमानी नव्हत्या. डोक्यात हे होतं की नीमच्या वेशीवर पहिल्यांदा पाणी येईपर्यंत त्या लेव्हल घेणाऱ्या माणसांना झोप कशी लागली असेल. उगमाशी सोडलेलं पाणी पोचायला दिवसाहून जास्त लागायचं, सत्तावीस तासांचा अंदाज देतात.

बांधकामाबद्दल प्रतिसादांत लिहितो, एका बैठकीत होणार नाही.

---

चिऱ्याचा_वाडा

काका, झकास. पहिला नंबर लावतो. बांधकामावर नक्की लिहा. माझे आजोबा वाईला दगडकाम करायचे, घरात अजून त्यांच्या टाक्या आणि हातोडे आहेत. चुन्याशिवाय रचलाय असं ऐकलंय, खरं का?

---

मुठाकाठ

आमच्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलंच होतं की. जमिनीखालून, उताराने, वाटेत हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधून. रोमनांचं कौतुक चालू द्या.

---

पाणसळ

मुठाकाठ, कात्रजवर वेगळा धागा काढा, मीच पहिला प्रतिसाद देतो. काम फार सुंदर आहे. पण इथे त्याची कुस्ती लावायला नको. त्या दोन कामांत सतराशे वर्षांचं अंतर आहे.

चिऱ्याचा_वाडा, हो, चुना नाही. संपूर्ण पूल सुका रचलेला आहे. दगड घडवून असे बसवलेत की सांध्यात पत्त्याचं पान जाणार नाही. सगळ्यात मोठे दगड सहा टनांचे. दगड जवळचाच, प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाऊण किलोमीटरच्या आत खाण आहे. पिवळसर चुनखडीचा दगड, हात लावला की शिंपल्यांचे तुकडे बोटाला लागतात. कापायला मऊ.

---

हळद_आणि_चुना

एक दुरुस्ती, काका. खालचे दोन मजले सुके आहेत. तिसरा मजला लहान दगडांचा आहे आणि त्यात चुना वापरलाय. वरचा पाट तर चुन्यातच बांधावा लागणार, नाहीतर सगळं पाणी नदीत.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून सांगते. पाटाला आतून जो गिलावा आहे तो चुना आणि कुटलेली मातीची भांडी, कौलं यांचा. म्हणजे आपली सुरखी! भाजलेल्या मातीची भुकटी चुन्यात घातली की तो पाण्यातही घट्ट होतो, नुसता चुना होत नाही. आपल्याकडच्या जुन्या हौदांत, आडांत हाच गुलाबीसर गिलावा सापडतो. साइटवर मुलं विचारतात, "मॅडम, सिमेंटमध्ये विटा का घातल्या?"

---

पाणसळ

दुरुस्ती मान्य, घाईत "संपूर्ण" लिहून गेलो. पाट मी आतून पाहिलाय. उन्हाळ्यात तिथले मार्गदर्शक लहान गटाने वर नेतात. आत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे गारवा. बाहेर पस्तीस डिग्री, आत एकदम माठाशेजारी बसल्यासारखं. काही ठिकाणी छताच्या लाद्या गेल्यात, तिथून उन्हाचे चौकोन पडतात, मग परत अंधार. भिंतीच्या तळाला तो लालसर गिलावा अजून आहे. खालचे कोपरे काटकोनात न ठेवता गोल घोटलेत, म्हणजे कोपऱ्यातून गळती नको आणि साफ करताना खराटा अडकायला नको. अगदी हेच आपण टाकीच्या तळाला करतो, वाटा मारणे म्हणतात आमच्याकडे.

आता कमानी. मला सगळ्यात आवडलेली युक्ती ही. खालच्या मजल्यावरची कमान खालून नीट बघा. ती सहा मीटर जाडीची एक कमान नाही. दीड-दीड मीटरच्या चार कमानी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मधल्या मजल्यावर अशा तीन. दगड एकीतून दुसरीत गुंतवलेला नाही, सरळ उभी फट दिसते. कारण सेंटरिंग! कमान बांधायची तर खाली लाकडी साचा हवा. नदीवरची मुख्य कमान साडेचोवीस मीटरची. तेवढ्या गाळ्याचं, सहा मीटर रुंद सेंटरिंग करायचं म्हणजे जंगल तोडायला हवं. त्याऐवजी दीड मीटर रुंदीचा साचा करायचा, त्यावर एक कमान चढवायची, मधला चावीचा दगड बसला की ती स्वतःच्या पायावर उभी. मग तोच साचा बाजूला सरकवून दुसरी. लाकूड पाव हिश्शात.

---

चिऱ्याचा_वाडा

हे भारी आहे! आणि फोटोत दगड जागोजागी बाहेर आलेले दिसतात ते काय? नक्षी म्हणावी तर ओबडधोबड आहेत.

---

पाणसळ

ती परांचीची टेकू. बाहेर काढून ठेवलेल्या दगडांवर लाकडं टेकवायची, सेंटरिंगलाही त्यांचाच आधार. काम झाल्यावर ते छाटून टाकायचे असतात. इथे छाटले नाहीत. उपयोगाची इमारत आहे, शहरापासून लांब आहे, कोण बघतंय, असा हिशेब असावा. का दुरुस्तीला परत लागतील म्हणून ठेवले, कुणास ठाऊक. मला तर काम संपवून निघालेला कंत्राटदार दिसतो त्यात.

आणखी एक, तुमच्या आजोबांना आवडलं असतं. कमानीच्या काही दगडांवर कोरलेल्या खुणा आहेत. लॅटिन अक्षरांचा अर्थ असा: दर्शनी बाजू, डावीकडून, तिसरा. म्हणजे दगड आधीच घडवून, नंबर टाकून आणलेत आणि जागेवर जुळवलेत. वर चढवायला मोठी चाकं, आत माणसं चालायची, दोर गुंडाळला जायचा.

---

मोडीवाचक

आम्ही २००९ मध्ये गेलो होतो तेव्हा बसमधल्या गाइडने सांगितलं होतं की हा पूल ऑगस्टसचा जावई अग्रिपा याने इ.स.पू. १९ च्या सुमारास बांधला. तुम्ही साल दिलं नाहीत म्हणून विचारतो.

---

हळद_आणि_चुना

जुन्या पुस्तकांत तेच असे. अग्रिपा त्या काळात गॉल प्रांतात होता आणि रोम शहराच्या पाणीपुरवठ्यात त्याचं मोठं काम होतं, त्यावरून बांधलेला तर्क. नंतर कालव्याच्या मार्गावर उत्खनन झालं, त्यात बांधकामाच्या थरांत सापडलेली नाणी आणि खापरं त्यानंतरची निघाली. आता साधारण इ.स. ४० ते ६० मानतात, म्हणजे सम्राट क्लॉडियसच्या आसपासचा काळ.

मला ह्यातली गंमत ही वाटते की इतक्या मोठ्या पुलाचं साल पुलाने सांगितलं नाही, ते कुणाच्या तरी फुटलेल्या मडक्याने सांगितलं.

---

रानवारा

माफ करा, पण एक प्रश्न. नीममध्ये तेव्हा पाणी नव्हतं का? मी तिथे बागेतला मोठा झरा पाहिलाय, गावाचं नावही त्या झऱ्याच्या देवावरूनच आलंय असं तिथे सांगतात. मग ५० किलोमीटरवरून पाणी आणायची हौस कशाला? आणि ती हौस कोणाच्या घामावर? गुलामच राबले असणार ना.

---

पाणसळ

रानवारा, प्रश्न योग्य आहे. होय, शहराला स्वतःचा झरा होता. पण रोमन शहर म्हणजे स्नानगृहं, कारंजी, चौकाचौकात वाहतं पाणी. तहान भागवायला विहीर पुरते, ऐट भागवायला कालवा लागतो. नवं पाणी शहराच्या उंच भागात आणून सोडलं की ते सगळीकडे आपोआप उतरतं, हाही मुद्दा. त्या हौदाचे अवशेष १८४४ मध्ये सापडले, नीममध्ये आजही बघता येतात. साडेपाच मीटर व्यासाचा गोल हौद, आणि भिंतीत ओळीने दहा भोकं, प्रत्येक साधारण ४० सेंटिमीटरचं. त्यांतून शिशाच्या नळ्या शहरभर जायच्या. मी तिथे जास्त वेळ उभा होतो, लेक कंटाळली. वस्तीतून वाट काढत गेलं की एका कुंपणाआड हा खड्डा, बाकी कोणी पर्यटक नाही. पुलावर गर्दी आणि ज्याच्यासाठी पूल बांधला तिथे आम्ही तिघं.

कष्ट कोणाचे, तर आठशे-हजार माणसं कित्येक वर्षं खपली असा अंदाज देतात. त्यात गुलाम असतीलच. दगड घडवणारा मात्र कसबी माणूस लागतो, चाबकाने सांधा जुळत नाही.

---

घटप्रभा_०७

काका, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ५० मीटर उंच पूल बांधण्याऐवजी सायफन का नाही केला? पाइप दरीत उतरवायचा, पलीकडे चढवायचा. आमच्या सरांनी सांगितलं होतं की रोमनांना सायफन येत होता.

---

पाणसळ

सर बरोबर सांगतात. ल्यों शहराच्या जलवाहिन्यांवर शिशाच्या नळ्यांचे मोठे सायफन होते. इथे का नाही, ह्याचं उत्तर मी माझ्या अनुभवावरून देतो. सायफनमध्ये पाणी नळीतून घासत जातं, त्यात हेड, म्हणजे पाण्याला पुढे ढकलणारी उंची, खर्च होतं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा बरंच खाली ठेवावं लागतं. जेमतेम साडेबारा मीटरची पुंजी घेऊन निघालेला माणूस त्यातले काही मीटर एका दरीत उधळेल का? पुलावर त्याने अडीच सेंटिमीटर खर्च केले. शिवाय शिसं महाग, नळ्यांचे सांधे फुटणार, ते वेगळंच. दगड मात्र पाऊण किलोमीटरवर.

आता खरी हुशारी बघ. कालव्याला सगळीकडे सारखा ढाळ दिला असता तर पुलापाशी पाणी आणखी वर आलं असतं आणि पूल सुमारे सहा मीटर जास्त उंच बांधावा लागला असता. म्हणून त्यांनी पुलाच्या आधीच्या टप्प्यात ढाळ जास्त दिला आणि पुलानंतर काटकसर केली. पूल आवाक्यात आला, पण पुढच्या तीसेक किलोमीटरला ढाळ इतका थोडा उरला की लेव्हल घेणाऱ्याच्या पोटात गोळा. पुलाची उंची वाचवायची जोखीम ज्याने घेतली तो पुलाखाली बसला नव्हता, तो नकाशापाशी बसला होता. ह्या कामातला मोठा माणूस मला तो वाटतो.

आणि ती जोखीम अंगावर आल्याच्या खुणाही आहेत. पुलाजवळ पाटाच्या भिंती नंतर उंच केल्यात. म्हणजे पाणी सोडल्यावर ते तुंबून काठाशी आलं असणार. खालच्या बाजूला ढाळ कमी, पाणी निघेना. हे वाचून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

---

घटप्रभा_०७

म्हणजे त्यांचंही बाथरूम तुंबलं होतं 😀

बरं, पाणी किती यायचं? आणि पाटात खोली किती असेल?

---

पाणसळ

दिवसाला ३० ते ४० हजार घनमीटर असा अंदाज. बोटांवर करू: ३५ हजार धर, म्हणजे सेकंदाला ४०० लिटर. सत्तावीस तासांत ५० किलोमीटर म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर, आपण चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. ०.४ भागिले ०.५, छेद आला ०.८ चौरस मीटर. रुंदी १.२, म्हणजे खोली ६५-७० सेंटिमीटर. मांडीपर्यंत पाणी. १.८ मीटर खोल पाटात एवढंच, बाकीची उंची आत वाकून शिरणाऱ्या माणसासाठी. परीक्षेत हे असं लिहू नकोस.

---

तांब्याचा_बंब

कालवा बंद कसा पडला? युद्धात फोडला का? आमच्या गीझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते, क्षारांमुळे. तिकडे चुनखडीचे डोंगर म्हणताय म्हणून आठवलं.

---

हळद_आणि_चुना

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. त्याच रोगाने गेला. झऱ्याच्या पाण्यात विरघळलेला चुना पाटाच्या भिंतींवर बसत गेला. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना फूटभराहून जाड थर आहेत. १.२ मीटरच्या पाटात दोन्हीकडून तेवढा थर बसला तर मध्ये उरलं काय? झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तसे ह्या थरांत पट्टे आहेत आणि अभ्यासक ते वाचतात. आधीचे थर स्वच्छ, घट्ट. नंतरचे मातकट, त्यात झाडांच्या मुळांच्या खुणा. म्हणजे चौथ्या शतकापासून साफसफाई सुटली. छताच्या फटींतून मुळं शिरली तरी काढायला कोणी गेलं नाही. सहाव्या शतकापर्यंत कसंबसं वाहत होता.

पुढे गावकऱ्यांनी कालव्याचे दगड काढून नेले. आणि दगडच नाही, हे क्षारांचे थरसुद्धा कापून बांधकामात वापरले! दिसायला संगमरवरासारखे पट्टेदार असतात.

---

पाणसळ

खात्यात शेवटची दहा वर्षं देखभालीत होतो, त्यामुळे ह्यावर मला बोलू देऊ नका. बांधायला पैसा मिळतो, उद्घाटन होतं, पाटी लागते. गाळ काढायच्या कामाची पाटी कधी पाहिलीत? फ्रंटिनस नावाचा गृहस्थ पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख होता. त्याच्या पुस्तकात जलवाहिन्यांपुढे पिरॅमिड कसे बिनकामाचे, हे ऐटीत सांगितलंय, ते वाक्य सगळे वापरतात. पण त्याच पुस्तकात दुरुस्तीला माणसं किती, चोरून नळ कोण जोडतं, हिशेबात पाणी कुठे गायब होतं, ह्यावरही पानंच्या पानं आहेत. ती कोणी वापरत नाही.

---

मोडीवाचक

मग पूल कसा वाचला? त्याचेही दगड नेले असते.

---

वायुसेना_निवृत्त

ह्याचं उत्तर मी देतो, माझ्या प्रांतातलं आहे. मधल्या काळात लोक त्याच्यावरून जायला लागले म्हणून वाचला. रस्ता म्हणून उपयोग होता, सरदार आणि बिशप लोकांना टोल मिळत होता. पण सतराव्या शतकात एका सरदाराने तोफा न्यायला म्हणून मधल्या मजल्याचे खांब एका बाजूने कोरून काढले. जाडीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला! वरचं सगळं वजन त्यावर. पुढे ते भरून काढलं आणि १७४३ ते १७४७ मध्ये खालच्या मजल्याला चिकटून वाहनांसाठी वेगळा पूल बांधला. बांधणारा इंजिनियर ऑन्री पितो.

हा तोच पितो! विमानाचा वेग मोजायला बाहेर एक बारीक नळी असते, तिला पितो नळी म्हणतात. आयुष्यभर उड्डाणाआधी तिचं झाकण निघालंय ना, हे तपासत आलो. मूळ नळी त्याने सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला केली होती. हा धागा उघडेपर्यंत पितोने पूल बांधलाय हे मला ठाऊक नव्हतं, मग शोधून वाचलं.

---

चिऱ्याचा_वाडा

एक नंबर माहिती! म्हणजे फोटोत खालच्या कमानी जास्त जाड दिसतात त्या पितोमुळे.

---

पाणसळ

हो. एका अंगाने बघितला तर रोमन, दुसऱ्या अंगाने बघितला तर खाली अठराव्या शतकाचा जोड. वर चढणारी माणसं पितोच्या पुलावरून चालतात आणि रोमन पुलावर चाललो म्हणून फोटो टाकतात. मीही टाकला.

---

रानवारा

नदीला पूर येत नाही का? फोटोत तर अगदी गरीब दिसते.

---

लेकीचा_नवरा

नमस्कार, सासरेबुवांचा धागा वाचतोय गुपचूप, आज लिहितो. 🙂 रानवारा, उन्हाळ्यात गरीब दिसते, पण शरद ऋतूत वर सेवेनच्या डोंगरांत पाऊस कोसळला की गार्दाँ काही तासांत चढते. १९५८ च्या पुरात खालचा अख्खा मजला, म्हणजे बावीस मीटर, पाण्याखाली गेला होता. सप्टेंबर २००२ मध्येही ह्या भागात भयंकर पूर आला. पूल जागचा हलला नाही. खालच्या खांबांना वरच्या अंगाला होडीच्या नाकासारखं टोक दिलंय, आणि पाया थेट खडकावर आहे.

बाबा एक सांगायला विसरले. पूल वरच्या अंगाला किंचित वाकलेला आहे. पुराला छाती लावायला मुद्दाम वाकवला, असं लोक कित्येक वर्षं सांगत होते. १९८९ मध्ये बारीक मोजणी झाली तेव्हा कळलं की उन्हाने दगड दिवसाला पाचेक मिलिमीटर हलतो. रोज फुगतो, रोज आकसतो, आणि असं शतकानुशतकं होऊन बाक आला.

---

पाणसळ

अहो, विसरलो नाही, पुढच्या भागासाठी राखून ठेवलं होतं. आता पुढचा भाग राहिला नाही.

---

तांब्याचा_बंब

अवांतर: तिकडे ह्या पुलाची सैतानाची गोष्ट आहे ना? आपल्याकडे एका रात्रीत देऊळ बांधणारे पांडव, तसा तिकडे सैतान.

---

लेकीचा_नवरा

आहे. गवंड्याचा पूल नदी सारखी पाडते. सैतान म्हणतो, मी बांधून देतो, पण पुलावरून जो पहिला जाईल त्याचा जीव माझा. गवंडी घरी येऊन बायकोला सांगतो. बायको म्हणते, एवढंच ना? आणि पहाटे पिशवीतून ससा सोडते. सैतान चिडून ससा पुलावर आपटतो आणि नदीत उडी घेतो.

---

हळद_आणि_चुना

साइटवर बायकोला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हे तेव्हापासूनचं दिसतंय.

---

मुठाकाठ

कात्रजचा धागा काढलाय. काका, या.

---

पाणसळ

येतो. आधी मिस्त्रीला सोडून येतो, दारात उभा आहे. तिसऱ्यांदा बोलावला. जाळीपाशी बादलीभर पाणी ओतून दाखवलं, दोघांच्या देखत ते दाराकडे निघालं. मिस्त्री बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, ढाळ बरोबर आहे. पाणीच उलटं चाललंय."